अर्जुनावरचे उलटे शेजारी

शिशुवर्गातल्या मुलांना वटवाघूळ शिकवायचं असेल तर सुरुवात सूसूपासून करावी लागते. पंख, अंधार, किडे, फळं हे सगळं नंतर. चार वर्षांचं मूल झाडाला उलटा लटकलेला प्राणी बघतं आणि त्याला एकच अडचण दिसते. आमच्या वर्गातल्या कबीरने ती पहिल्याच दिवशी मांडली.

"मैम, ये सूसू करेगा तो इसके मुँह पे नहीं गिरेगी?"

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी खरं काय ते सांगितलं. तेवढ्यापुरतं वटवाघूळ सुलटं होतं. अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरतं, पाय खाली सोडतं, काम उरकतं आणि पुन्हा उलटं लटकतं. कबीरने जरा विचार केला आणि म्हणाला, "समझदार है." त्या दिवसापासून आमच्या वर्गात वटवाघळांना मान मिळाला.

मी आयुष्यभर ग्वाल्हेरमध्ये शिशुवर्ग शिकवला. माहेर नया बाज़ारातलं, सासर हरिशंकरपुरमच्या बाजूला, आणि शाळा या दोघांच्या मधे. घरात मराठी, वर्गात हिंदी, आणि स्टाफरूममध्ये दोन्हींची खिचडी. लोक विचारतात, एवढी वर्षं केलंत काय, अ-आ-इ-ई? तेही केलं. नाकं पुसली, बुटांच्या लेस बांधल्या, रडणारी मुलं आयांच्या कडेवरून सोडवून घेतली. पण मनापासून सांगण्यासारखं काही केलं असेल तर ते नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, शाळेच्या अंगणातल्या अर्जुनाच्या दोन झाडांखाली.

त्या झाडांवर मोठ्या वटवाघळांची वस्ती होती. इथल्या भाषेत चमगादड़. दिवसभर काळ्या पिशव्यांसारखी लटकायची, मधूनच भांडायची, पंखांनी वारा घ्यायची, आणि दिवेलागणीला उठून शहरातल्या फूलबागेच्या दिशेनं निघून जायची. शाळा त्यांच्यानंतर आली. कुणाला त्यांचं काही वाटत नसे. मग करोना आला, शाळा बंद पडली, आणि घरात बसलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर वटवाघळांबद्दल नको नको ते ऐकलं. शाळा उघडली तेव्हा मुलं परत आली, पण वर बघून आईच्या मागे लपायला लागली.

एका सकाळी फाटकाशी जगदाळे काका उभे राहिले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले, आणि पिढ्या उलटल्या तरी घरात फौज टिकून होती. त्यांची नात गार्गी माझ्या वर्गात होती.

"मॅडम, ही चमगादडं हटवा," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "नाहीतर मी नातीचं नाव काढून घेतो. आणि मी एकटा नाही, कॉलनीतले आणखी लोक आहेत."

"काका, ती कुणाला काही करत नाहीत."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा "काय?" म्हणाले. मग गार्गीने माझं वाक्य त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ही मुलगी वर्गात सारखी ओरडून बोलायची. बाहुली मागायची ती ओरडून, पाणी मागायची ती ओरडून. मला वाटायचं, स्वभाव असेल. पण घरात तिचा सगळ्यात जास्त वेळ ज्यांच्याबरोबर जायचा त्यांना ऐकू येत नव्हतं. तिच्या लेखी बोलण्याचा आवाज तेवढाच असतो.

तिच्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मशीन आणून दिलंय ना, मॅम. चांगलं आहे. पण बाबा लावतच नाहीत. म्हणतात, म्हातारपणाची पाटी कानाला लटकवून मी फिरणार नाही."

इकडे आमच्या मुख्याध्यापिका तिवारी मॅडम काळजीत होत्या. बंदच्या काळात पटसंख्या निम्मी झाली होती. त्यात वटवाघळांच्या नावानं काही पालक मुलांना दुसरीकडे घालायला निघाले होते. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"देखिए, मला पण त्यांचं वाईट वाटतं," त्या माझ्याशी नेहमी अशाच अर्ध्या मराठीत बोलायच्या. "लेकिन दोन-चार दिवस झाडाखाली सुतळी बॉम्ब लावले की ती जातील, असं सगळे म्हणतात. दिवाळीत तर फटाके वाजणारच. कुणी नाव ठेवणार नाही."

"आणि मुलांना काय सांगायचं? ज्याची भीती वाटते त्याला बॉम्ब लावायचा?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला. मग म्हणाल्या, "एक शाम देते. पालकांना बोलवा, दाखवा, समजवा. ते मानले तर ठीक. नाही मानले तर मी रोकणार नाही."

एका संध्याकाळवर दोन्ही झाडांचं भवितव्य ठरणार होतं, आणि ते ठरवणार होते माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप. म्हणून मी मुलांपासून सुरुवात केली. कबीरचा सूसूचा प्रश्न तेव्हाचाच, अगदी पहिल्या दिवसाचा.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगते. लहान मुलाला "घाबरू नकोस" म्हणून काही उपयोग होत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा हाताला काम द्यावं. मी प्रत्येकाला कागदावर पंजा ठेवून गिरवायला लावला. मग म्हटलं, आता अंगठा तसाच ठेवा आणि बाकीची बोटं कागदाच्या टोकापर्यंत लांबवा. बोटं जोडणारा पडदा रंगवा. झाला वटवाघळाचा पंख. वटवाघळाचा पंख म्हणजे हातच आहे, हे मुलांना त्यांच्याच हातावर दिसलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली आयांच्या ओढण्या घेऊन आल्या आणि मधल्या सुट्टीत अंगणभर वटवाघळं धावत होती.

मग कानांचा खेळ. झाडावरची ही मोठी वटवाघळं डोळ्यांनी बघतात, नाकानं फळं शोधतात. पण इमारतींच्या फटीत राहणारी लहान, अंगठ्याएवढी वटवाघळं असतात, ती अंधारात कानांनी वाट काढतात. आवाज सोडतात, तो कशावर तरी आपटून परत येतो, त्यावरून त्यांना कळतं की पुढे भिंत आहे की डास. वर्गात एका मुलाचे डोळे बांधायचे, त्यानं "टिक" म्हणायचं, आणि समोरच्यानं लगेच "टप" म्हणायचं. टप जवळून आला तर थांबायचं, लांबून आला तर पुढे जायचं. गार्गी यात सगळ्यात पटाईत निघाली. तिचा टिक शेजारच्या वर्गापर्यंत जायचा.

"मैम, त्यांचा टिक आपल्याला ऐकू का नाही येत?" तिने विचारलं.

"खूप बारीक असतो. आपले कान तेवढे पोचत नाहीत."

"कुणाचेच?"

"कुणाचेच नाही. मशीन लावावं लागतं."

ती जागेवर जाऊन बसली. मी पुढच्या मुलाचे डोळे बांधायला वळले.

नियमही शिकवले, आणि ते प्रत्येक दिवशी म्हणवून घेतले. खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं. उष्टं फळ उचलायचं नाही. हात धुवायचे. पालकांना मी हेच सांगणार होते. त्यांनी रोगराईचं विचारलं तर माहीत आहे तेवढं सांगायचं आणि माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. आईबापांना खोटा धीर दिलेला लगेच कळतो.

आणि मशीनसाठी मी नेहाला फोन केला. नेहा माझी जुनी विद्यार्थिनी. कधीकाळी डबा उघडता येत नाही म्हणून रडायची, आता विद्यापीठात वटवाघळांवर काम करत होती. तिच्याकडे ट्रान्झिस्टरएवढं एक यंत्र होतं. वटवाघळांचा बारीक आवाज पकडून ते आपल्याला ऐकू येईल असा करतं.

"मॅम, तुम्ही बोलावलंत आणि मी येणार नाही, असं होईल का?" ती म्हणाली.

ठरलेल्या संध्याकाळी अंगणात सतरंज्या घातल्या. नवरात्राचे दिवस होते. वाटलं होतं त्यापेक्षा लोक जास्त आले, काही बघायला आणि काही भांडायला. जगदाळे काका सुनेबरोबर आले आणि सतरंजीवर न बसता भिंतीशी हात मागे बांधून उभे राहिले. गार्गी त्यांचा शर्ट धरून होती.

मी दोन शब्द बोलायला उभी राहिले आणि शेजारच्या मॅरेज गार्डनमध्ये डीजे सुरू झाला. गरब्याची तालीम होती. आवाज असा की पायाखालची फरशी हलत होती. नेहाने हातातलं यंत्र माझ्यापुढे धरलं आणि नुसती मान हलवली. या गोंगाटात त्यातून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आकाश भराभर काळवंडत होतं. लहान वटवाघळं सगळ्यात आधी निघतात, आणि ती कुणासाठी थांबत नाहीत. तिवारी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी आणि कबीरचे वडील तसेच पलीकडे गेलो. डीजेवाला एक तरुण पोरगा होता. त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्याला आधी कळेना, मग विश्वास बसेना.

"चमगादड़ का भी गरबा है क्या, मैडम?"

"हो," मी म्हटलं. "और उनका टाइम फिक्स है. तुम्हारा नहीं."

तो हसला आणि त्यानं बटण फिरवलं. "दस मिनट. फिर मेरा मालिक आ जाएगा."

आम्ही पळत परत आलो. माझं वय पळायचं नव्हतं, पण पळाले. अंगणात एकदम शांतता पसरली होती आणि इमारतीच्या कठड्यावरून पहिलं लहान वटवाघूळ सुटलं होतं. नेहाने यंत्र सुरू केलं.

टक. टक. टक, टक. मग ते वटवाघूळ वळलं, किड्यामागे लागलं, आणि टकटक इतकी भराभर झाली की शेवटी टर्रर्र असा आवाज आला.

"खा लिया," नेहा हळूच म्हणाली.

मुलांनी एकमेकांचे हात धरले होते. आया मोबाईल खाली ठेवून वर बघत होत्या. आणखी एक सुटलं, आणखी दोन. यंत्र पावसाच्या थेंबांसारखं वाजायला लागलं.

भिंतीशी गार्गीने आजोबांकडे मान वळवली. "ऐकू आलं?"

काकांनी हो म्हणून मान डोलावली.

"खोटं," गार्गी ओरडली. साऱ्या अंगणाला ऐकू गेलं. काका अवघडले. सून पुढे झाली, पण त्याआधी काकांनी नेहालाच विचारलं, "तुम्हाला या यंत्राशिवाय ऐकू येतं का?"

"नाही, काका," नेहा जवळ येऊन त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

"अजिबात नाही? तुम्ही तर यातलंच शिकलाय."

"अजिबात नाही. इथे बसलेल्या कुणालाच येत नाही. या आवाजासाठी आपण सगळे सारखेच."

काकांनी तिच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी डबी काढली. मागून कळलं की गार्गीने हट्ट धरला होता. चमगादडं ऐकायला मशीन लागतं, मॅमनी सांगितलंय, तर तुमचं मशीन बरोबर घ्या. नातीपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. त्यांनी डबीतलं मशीन कानात बसवलं, बटण चाचपलं, आणि नेहाच्या यंत्राकडे वाकले.

टक. टक. टर्रर्र.

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मिशा हलल्या एवढं दिसलं.

"आजोबा, आता आलं ऐकू?" गार्गी नेहमीच्या आवाजात ओरडली, आणि काकांनी दचकून कानावर हात ठेवला.

"हळू बोल गं. कानठळ्या बसतायत."

सगळे हसले. गार्गी मात्र हसली नाही. आजोबांनी तिला हळू बोल म्हणायची ही पहिलीच वेळ असणार. तिने खालच्या आवाजात, जरा चाचपडत, पुन्हा विचारलं, "आलं?"

"आलं," काका म्हणाले, आणि सतरंजीवर तिच्याजवळ बसले.

मग अर्जुनावरची मोठी वटवाघळं उठली. आधी एक, मग फांदीच्या फांदी. डोक्यावरून चामड्याचे पंख हलताना वारा लागत होता. इतकी वर्षं मी ते बघत आले, पण पन्नासेक माणसं मान वर करून गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. ती फूलबागेकडे दिसेनाशी झाली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, आणि नेमका तेव्हाच पलीकडे डीजे सुरू झाला.

मी हे लिहिते तेव्हा सगळं एका संध्याकाळी पालटलं असं वाटेल. तसं झालं नाही. दोन पालकांनी मुलं काढलीच. एक आजीबाई जाताना म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण चमगादड़ कानाला चिकटलं की सुटत नाही. मी म्हटलं, अजून तरी कुणाचा कान असा पाहिला नाही. जगदाळे काकाही दुसऱ्या दिवशी फाटकाशी हजर होते.

"फटाके नकोत," ते म्हणाले. "ते मी कॉलनीत सांगतो. पण मॅडम, घाण आणि वास हा प्रश्न खरा आहे. मुलं त्याच वाटेनं जातात. त्याचं काय करणार?"

हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी इतके दिवस त्याकडे काणाडोळा केला होता असं नाही, पण उपाय सुचला नव्हता. त्यांनीच सुचवला. मुलांची वाट झाडाखालून काढून भिंतीच्या कडेनं नेली, पाण्याच्या टाकीवर पत्रा घातला, आणि झाडाखाली दोरी बांधून ती जागा वटवाघळांची ठरवली. तिवारी मॅडम म्हणाल्या, "चलो, त्यांना पण एक वर्ग मिळाला."

पुढचा उन्हाळा वाईट आला. ग्वाल्हेरचा उन्हाळा तसा कधी चांगला नसतो, पण त्या वर्षी गरम वाऱ्याची लू अशी सुटली की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. शाळेला सुट्टी होती. एका दुपारी काकांचा फोन आला. ते आता फोनवर नीट बोलायचे.

"मॅडम, तुमची चमगादडं खाली पडतायत."

मी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून निघाले. अर्जुनाखाली काही वटवाघळं मरून पडली होती. वरची पंख हलवून हलवून थकली होती, तोंडं उघडी होती. त्या दिवसांत मादीच्या पोटाशी पिल्लं असतात. नेहाला फोन लावला. ती म्हणाली, फांद्यांवर बारीक फवारा मारा, जोराची धार नको, पडलेल्यांना हात लावू नका, वनविभागाला कळवा.

पाणी कुठून आणायचं हा मोठा प्रश्न होता. नळ एक दिवसाआड यायचा आणि लोकांना प्यायला पुरत नव्हतं. काकांनी विचार केला आणि शाळेला लागूनच असलेल्या आपल्या घरच्या बोअरिंगचा पाइप भिंतीवरून शाळेत ओढला. शेजाऱ्यांनी नावं ठेवली. माणसांना पाणी नाही आणि हे झाडांना आंघोळ घालतायत. काकांनी ऐकलं सगळं. आता त्यांना ऐकू येत होतं. ते म्हणाले, "माझ्या आंघोळीचं पाणी आहे. मी फौजेत आठ-आठ दिवस बिनआंघोळीचा राहिलोय." संध्याकाळपर्यंत शेजारचाच एकजण त्याचं बोअरिंग लावून दुसरं झाड भिजवत होता.

त्या उन्हाळ्यात आम्ही बरीच वटवाघळं गमावली. किती ते मी मोजलं नाही, मोजावंसं वाटलं नाही. ऊन उतरल्यावर गार्गी आईबरोबर आली. मेलेली आधीच उचलून नेली होती. फक्त एक पिल्लू खालच्या फांदीला एकटंच लटकलेलं होतं. त्याची आई दुपारीच पडली होती. वनविभागाच्या माणसानं जाड हातमोजे घालून त्याला अलगद सोडवलं आणि कपड्यात गुंडाळून टोपलीत ठेवलं. गार्गी दोरीच्या अलीकडे उभी होती.

"मैम, हे जगेल?"

मला वाटलं, जगेल म्हणावं. जिभेपर्यंत आलंही होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

 काकांनी ओला पाइप खाली ठेवला, त्या माणसाचा नंबर मोबाईलमध्ये घालून घेतला आणि म्हणाले, "उद्या फोन करून विचारू."

दुसऱ्या दिवशी विचारलं. पिल्लू दूध पीत नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. गार्गी फोनजवळ बसायची आणि काका शब्द न् शब्द तिला सांगायचे, बदलून काही सांगायचे नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काका फोनवरच होते. त्यांनी पलीकडचं बोलणं ऐकलं, "अच्छा, अच्छा" म्हटलं, फोन ठेवला आणि नातीकडे वळले.

"दूध प्यायलं," ते म्हणाले. "आणि त्या भय्याचा हातमोजा चावला."